सिगारेट सोडायची गोळी : साइड इफेक्ट कोणते, घाबरायचं कधी आणि फोन कधी करायचा?

(या भागात जे बोललो तेच इथे वाचण्यासाठी थोडं नीट करून लिहिलंय. बसमध्ये हेडफोन विसरलेल्यांसाठी खास.)

 

मागे एका भागात बोलता बोलता मी सांगून टाकलं की माझी सिगारेट गोळ्या घेऊन सुटली. तेव्हापासून मेसेजमध्ये फिरून फिरून तेच प्रश्न येतायत. ‘दादा, त्या गोळीने डोकं फिरतं म्हणे?’ ‘उलट्या होतात का?’ ‘मित्राने दोन दिवसांत सोडून दिली, मी सुरू करू का?’ एकाने तर सरळ विचारलं, ‘गोळीचा नाव-पत्ता द्या, मेडिकलमधून घेतो.’

तर आजचा अख्खा भाग यावरच. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. मी गोळी घेतलेला माणूस आहे, आणि पहिल्यांदा ती चुकीच्या पद्धतीने घेतलेला माणूस आहे. त्यामुळे गोळी कोणी घ्यायची आणि किती घ्यायची हे मी सांगणार नाही. कुठल्या त्रासाला किती भाव द्यायचा, एवढं मात्र नक्की सांगता येईल.

पहिला प्रयत्न, जो मीच वाया घालवला

मी पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा दिवसाला दोन सिगारेटी होत्या. तीन वर्षांत बारा-तेरा झाल्या. ऑफिसच्या गेटसमोर टपरी, चहाबरोबर एक, जेवणानंतर एक, कॉल लांबला की एक. जिना चढताना दम लागायला लागला तेव्हा छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. मॅडमनी सगळं विचारलं आणि मग एक प्रश्न टाकला, ‘आधी कधी मनाच्या आजारासाठी औषध घेतलंय?’

घेतलं होतं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मला पॅनिक अटॅक यायचे, आठ महिने गोळ्या चालू होत्या. पण बाहेर बाकावर ओळखीचे काका बसले होते, दार अर्धं उघडं होतं, आणि माझ्या तोंडून ‘नाही’ निघून गेलं.

मॅडमनी व्हॅरेनिक्लिन लिहून दिली. नेहमीचा क्रम असा असतो : पहिले तीन दिवस अर्धा मिलिग्रॅमची एक गोळी, चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत तीच गोळी दोन वेळा, आणि आठव्या दिवसापासून एक मिलिग्रॅम दोन वेळा. एकूण बारा आठवडे. पहिल्या आठवड्यात सिगारेट चालू राहिली तरी चालते, आठव्या दिवसाच्या आसपास ती बंद करायची.

पहिला आठवडा मजेत गेला. आठव्या दिवशी डोस वाढला. नवव्या दिवशी सकाळी उशीर झाला म्हणून नुसत्या चहाबरोबर गोळी घेतली आणि बस पकडली. डेक्कनला पोहोचायच्या आत उतरून रस्त्याच्या कडेला उलटी केली. त्या रात्री एवढं खरंखुरं स्वप्न पडलं की सकाळी उठून मी आईला फोन करून विचारलं, ‘आपलं घर विकलं नाही ना?’ मग मोबाइलवर शोधलं. ‘आत्महत्येचे विचार’, ‘काळी चौकट’ असले शब्द दिसले. आधीचं आजारपण लपवलेलं होतं, त्यामुळे भीती दुप्पट झाली. आणि डॉक्टरांना फोन करायचा तर आधी खोटं बोललो हे सांगावं लागणार!

अकराव्या दिवशी गोळ्या बंद. त्याच संध्याकाळी टपरीवर.

ही गोळी नेमकं करते काय?

साइड इफेक्ट समजायचे तर आधी काम समजायला हवं. मेंदूत काही जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. सिगारेटमधलं निकोटिन काही सेकंदांत तिथे जाऊन बसतं, डोपामिन सुटतं आणि बरं वाटतं. काही वेळाने निकोटिन कमी होतं, जागा रिकाम्या होतात, आणि मग तलफ येते.

एसटीत सीट धरायला आपण खिडकीतून रुमाल टाकतो ना, व्हॅरेनिक्लिन तसं करते. ती त्या जागेवर आधी जाऊन बसते. थोडंसं डोपामिन सोडते, म्हणून तलफेची धार कमी होते. आणि वरून सिगारेट ओढलीच तर निकोटिनला बसायला जागा मिळत नाही, म्हणून ती पूर्वीसारखी लागत नाही. माझ्या पहिल्याच आठवड्यात टपरीवरची सिगारेट पुठ्ठ्यासारखी लागायला लागली होती.

आता गंमत बघा. निकोटिनचे रिसेप्टर फक्त मेंदूतच नसतात, आतड्याच्या नसांमध्येही असतात. आणि तुमची पहिली सिगारेट आठवा : चक्कर, मळमळ, तोंडाला पाणी. गोळी त्याच घराण्यातल्या जागांवर काम करते, मग पोट कुरकुरणारच.

नेहमीचे त्रास आणि त्यावर साधे उपाय

2016 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ‘ईगल्स’ नावाचा एक मोठा अभ्यास छापून आला. 16 देशांतले 8 हजारांहून जास्त धूम्रपान करणारे त्यात होते. काहींना व्हॅरेनिक्लिन, काहींना ब्युप्रोपिऑन, काहींना निकोटिनची पट्टी, काहींना नुसती खोटी गोळी. व्हॅरेनिक्लिन घेणाऱ्यांत दर चौघांमागे एकाला मळमळ झाली. म्हणजे मी काही जगावेगळा नव्हतो.

यावर मॅडमनी दुसऱ्या वेळी जे सांगितलं ते एवढंच : भरल्या पोटी घ्या, आणि मोठा ग्लासभर पाण्याबरोबर घ्या. चहा म्हणजे नाश्ता नव्हे. पोहे, उपमा, पोळी-भाजी, काहीतरी पोटात गेलं पाहिजे. तरीही भागलं नाही तर डॉक्टर डोस कमी करू शकतात. हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं गोळी एक तर पूर्ण घ्यायची, नाही तर सोडायची.

दुसरं, झोप आणि स्वप्नं. स्वप्नं विचित्र पडतात आणि सकाळपर्यंत लक्षात राहतात. रात्रीची गोळी झोपताना न घेता संध्याकाळी लवकर जेवून घेतली की बऱ्याच जणांना फरक पडतो. मला पडला. आणि त्याच अभ्यासात एक गोष्ट अशी दिसली की विचित्र स्वप्नं हा निकोटिनच्या पट्टीचाही सगळ्यात जास्त दिसलेल्या त्रासांपैकी एक होता. म्हणजे दोष एकट्या गोळीचा नाही.

तिसरं, गॅस, बद्धकोष्ठता, डोकेदुखी. पाणी, पालेभाजी, चालणं. हे त्रास अंगावर धावून येत नाहीत, पण चिडचिड मात्र करतात.

चौथं, दारू. याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. 2015 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने इशारा दिला की ही गोळी घेताना काही जणांना दारू नेहमीपेक्षा जास्त चढते, काही जण आक्रमक होतात, आणि नंतर काही आठवत नाही. त्यामुळे शुक्रवारच्या पार्टीत ‘नेहमीचेच दोन पेग’ हा हिशेब धरू नका. गाडी चालवण्याचंही तसंच. गोळीचा आपल्यावर काय परिणाम होतो हे कळेपर्यंत बाइक जपून. चक्कर किंवा झापड येत असेल तर नकोच.

‘डोक्यावर परिणाम होतो’ ही भीती आली कुठून?

ही अफवा नाही, तिला इतिहास आहे. व्हॅरेनिक्लिनला अमेरिकेत 2006 मध्ये परवानगी मिळाली. पुढच्या दोन-तीन वर्षांत नैराश्य, भडका उडणं, आत्महत्येचे विचार अशा तक्रारी यायला लागल्या. 2008 मध्ये तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाने वैमानिकांना ही गोळी घ्यायला बंदी केली. जुलै 2009 मध्ये व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन दोन्हींच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. मला मोबाइलवर सापडलेली चौकट ती हीच.

पण तक्रार आली म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. सिगारेट सोडणारा माणूस गोळीशिवायही चिडतो, रडतो, झोपत नाही. मग दोष गोळीचा की सोडण्याचा, हे ठरवायला एकाच वेळी खरी आणि खोटी गोळी देऊन तुलना करावी लागते. ‘ईगल्स’ अभ्यास त्यासाठीच झाला, आणि त्यात अर्ध्या लोकांना आधी किंवा तेव्हा मानसिक आजार होता.

आकडे ऐका. मानसिक आजार नसलेल्यांत मनाचे गंभीर त्रास व्हॅरेनिक्लिनवर 1.3 टक्के लोकांना झाले, खोट्या गोळीवर 2.4 टक्के. आजार असलेल्यांत व्हॅरेनिक्लिनवर 6.5 टक्के, खोट्या गोळीवर 4.9 टक्के. हा फरक गोळीला दोषी ठरवण्याएवढा निघाला नाही. डिसेंबर 2016 मध्ये एफडीएने ती काळी चौकट काढून टाकली.

आता हेच आकडे पुन्हा नीट बघा. ज्यांना आधी मनाचा आजार होता त्यांना खोटी गोळी घेऊनही जास्त त्रास झाला. म्हणजे माझ्यासारख्याने गोळी घेऊच नये असं नाही. पण आपण कोण आहोत हे डॉक्टरांना माहीत असायलाच हवं, आणि घरातल्या कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. मी नेमकं तेच लपवलं होतं.

अजून एक प्रश्न येतो : ‘कॅन्सरमुळे ती गोळी बंद झाली ना?’ 2021 मध्ये फायझर कंपनीच्या गोळ्यांत नायट्रोसअमाइन प्रकारची अशुद्धी ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडली आणि कंपनीने त्या परत मागवल्या. औषधावर बंदी आली नाही. त्याच वर्षी दुसऱ्या कंपनीच्या गोळीला अमेरिकेत परवानगी मिळाली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

त्रास गोळीचा की सिगारेट सुटल्याचा?

दुसऱ्यांदा मी पाच महिन्यांनी गेलो. त्याच मॅडमकडे. दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘आता औषध देणं मला सोपं झालं.’ मग एक वही करायला लावली : तारीख, गोळी कधी, काय खाल्लं, काय झालं.

वहीचा फायदा आठवड्याभरात कळला. मला दुपारी छाती धडधडायची, हात थरथरायचे. वाटलं, आली गोळी अंगावर. मॅडमनी वही बघून विचारलं, ‘चहा-कॉफी किती?’ दिवसाला सहा कप! सिगारेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफीन भराभर मोडत असतं. धूर बंद झाला की तो वेग मंदावतो आणि तेवढ्याच कॉफीचं कॅफीन रक्तात जवळजवळ दुप्पट साठू शकतं. मी सिगारेटच्या जागी कॉफी वाढवत होतो. तीन कपांवर आलो आणि धडधड गेली.

हाच नियम काही औषधांनाही लागू आहे. ओलान्झापीन, क्लोझापीन, दम्यासाठीचं थिओफिलिन ही औषधं धूर बंद झाल्यावर रक्तात वाढू शकतात. रक्त पातळ करायचं वॉरफरिन आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनीही लक्ष ठेवावं लागतं. घरात कुणी ही औषधं घेत असेल आणि सिगारेट-विडी सोडणार असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा.

आणि चिडचिड, भूक, अस्वस्थपणा, खोकला, तोंड येणं, झोप उडणं हे बरंचसं सिगारेट सुटल्याचं असतं. पहिला आठवडा सगळ्यात वाईट, मग दोन ते चार आठवड्यांत उतरत जातं. गोळी सोडून हे थांबत नाही. उलट तलफ वाढते.

दुसरी औषधं आणि त्यांचे स्वभाव

ब्युप्रोपिऑन हे मुळात नैराश्यावरचं औषध. सिगारेट सोडण्यासाठी 1997 पासून वापरात आहे. त्याचे नेहमीचे त्रास म्हणजे तोंड कोरडं पडणं आणि झोप न येणं, म्हणून दुसरी गोळी झोपायच्या वेळी घेत नाहीत. मोठी भीती आकडीची. नेहमीच्या डोसवर साधारण हजारात एकाला. म्हणून फिट येणाऱ्यांना, खाण्याचे विकार असलेल्यांना, आणि दारू किंवा झोपेच्या गोळ्या अचानक बंद केलेल्यांना हे औषध देत नाहीत. इथे खरं बोलणं म्हणजे अक्षरशः जिवाचा प्रश्न.

निकोटिनचं च्युइंगम चघळायची पद्धत वेगळी आहे. आपण ते साध्या च्युइंगमसारखं चावत बसतो आणि मग उचकी, छातीत जळजळ, जबडा दुखणं. दोन-चार वेळा चावा, झिणझिणलं की गालात धरून ठेवा, चव गेली की पुन्हा चावा. चहा-कॉफीनंतर लगेच नको, पंधरा मिनिटं थांबा. पट्टीने त्वचा लाल होते, खाज येते, म्हणून रोज जागा बदलायची.

कधी थांबायचं आणि लगेच फोन करायचा?

ओठ, जीभ, चेहरा सुजणं. श्वास अडकणं. अंगावर फोड किंवा तोंडात जखमा. छातीत दुखणं. फिट. झोपेत चालणं. दारूवर विचित्र वागणं. आणि मन असं बदलणं की तुम्ही तुम्ही राहत नाही : खोल उदासी, भडका, जगणं नको वाटणं. यातलं काहीही झालं तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना फोन. श्वास, छाती किंवा फिट असेल तर थेट दवाखाना. मनाचं असेल आणि रात्रीचे दोन वाजले असतील तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो.

माझ्या तिसऱ्या आठवड्यात मला काहीच कळलं नव्हतं. ताईने ओळखलं. म्हणाली, ‘तू दोन दिवस कुणाशीच बोलला नाहीस.’ तिनेच मॅडमना फोन लावला. त्यांनी माझ्याशी वीस मिनिटं बोलून डोस अर्ध्यावर आणला, जुन्या मानसोपचार डॉक्टरांशी बोलून घेतलं आणि दर तीन दिवसांनी फोन करायला सांगितला. आठवड्याभरात मी सावरलो. तो बदल गोळीचा होता, सिगारेट सुटल्याचा होता की जुन्या आजाराचा, ते तेव्हा ओळखायची मला गरजच पडली नाही. सांगायची गरज होती. बारा आठवडे पूर्ण झाले. आता चौदा महिने झाले.

आणि बाबा

दिवाळीत गावी गेलो तेव्हा बाबांनी तंबाखू मळता मळता विचारलं, ‘त्या गोळीतल्या दोन-चार उरल्यात का? मलाही दे.’ खरं सांगू, माझे डोळे भरून आले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते सोडायची भाषा करत होते. महाराष्ट्रात 2016-17 च्या पाहणीत धूर ओढणारे प्रौढ 3.8 टक्के होते आणि तंबाखू, मिसरी असं धूरविरहित खाणारे 24.4 टक्के. म्हणजे आपल्याकडचा खरा प्रश्न बाबांचाच आहे.

बॅगेत पाकीट होतं. हात गेलाही होता. मग आठवलं, बाबांना मधुमेह आहे आणि मागच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन वाढलेलं होतं. व्हॅरेनिक्लिन जवळजवळ जशीच्या तशी लघवीतून बाहेर पडते. मूत्रपिंड थकलेलं असेल तर ती अंगात साठत जाते, आणि माझा डोस बाबांना जड गेला असता. मी पाकीट परत ठेवलं आणि म्हटलं, ‘बाबा, सोमवारी रिपोर्ट घेऊन जाऊ.’

गेलो. त्यांच्यासाठी काय ठरलं ते मी मुद्दाम सांगत नाही, कारण ते त्यांचे रिपोर्ट बघून ठरलं. तुमच्या बाबांचं त्यांचे रिपोर्ट बघून ठरेल. माझे बाबा अजून पूर्ण सुटलेले नाहीत. दिवसाला दोन बार राहिलेत. पण संध्याकाळी फोनवर स्वतःहून आकडा सांगतात.

जाता जाता

डॉक्टरांकडे जाण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहा : आधीचे आजार, मनाचेसुद्धा, चालू औषधं, दारू किती, फिट कधी आली होती का. लाज वाटली तर कागद नुसता पुढे करा. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय क्विटलाइन आहे, 1800-11-2356, पैसे लागत नाहीत. आणि कुठल्याही औषधाचा दुष्परिणाम झाला तर 1800-180-3024 वर कळवता येतो. वर सांगितलेली काळी चौकट अशाच कळवलेल्या तक्रारींवरून आली, आणि अभ्यास झाल्यावर गेली.

‘ईगल्स’मध्ये व्हॅरेनिक्लिन घेणाऱ्यांपैकी 21.8 टक्के लोक नवव्या ते चोविसाव्या आठवड्यापर्यंत सिगारेटपासून लांब राहिले, खोट्या गोळीवर 9.4 टक्के. म्हणजे गोळी घेऊनही पाचातले चार जण पहिल्या फेरीत अडखळले. मीही त्यातलाच होतो. तुमची पहिली फेरी वाया गेली असेल तर पुन्हा जा. आणि या वेळी दार लावून घेऊन सगळं सांगा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!